गालातला बदाम

बोडिलची आई सायकलवरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, ते वर्ष १९७२. त्या नाताळचा सगळा स्वयंपाक बोडिलवर आला. डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातल्या नोकरीतून सुट्टी घेऊन ती घरी, एरो बेटाकडे जाणाऱ्या बोटीत चढली, तेव्हा बाहेर तिरपा पाऊस होता. बोट हलली, पिशवी उलटली आणि लाल कोबीचे गड्डे डेकभर पळाले.

एका उंच तरुणाने ते धावत धावत गोळा केले. केसांतून पाणी निथळत होतं, तरी एकेक गड्डा तो असा देत होता, जणू फूलच देतोय.

"घरी माणसं किती?"

"तीन. आई, आजोबा आणि मी."

"आणि कोबी पाच?"

"आई असंच करते... तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. कोबीच पळून चाललाय, त्याला विचारा."

बोडिलने हसू दाबून खिडकीकडे तोंड फिरवलं. काचेतही तोच दिसत होता. नाव आस्गर. बेटावरच्या बंदरात होड्या दुरुस्त करायचा. त्याची आई त्याच शरद ऋतूत गेली होती, म्हणून यंदाचा नाताळ हेरिंग मासा आणि काळ्या पावावर उरकायचा, असं त्याने सांगून टाकलं. तेवढं सांगताना मात्र तो हसला नाही.

घरी आल्यावर बोडिल कामाला जुंपली. लहानपणापासून नाताळच्या जेवणात तिला आईची पाठच दिसत आली होती. तिची आई, त्युरा, कधी टेबलाशी बसलीच नाही. यंदा तिला बसवायचं, एवढंच बोडिलच्या मनात होतं. पण त्यासाठी आईसारखं सगळं रांधायलाच हवं, असं ती धरून बसली होती.

चोवीस तारखेला दुपारी बटाटे घोळवायचा साखरेचा पाक करपला. स्वयंपाकघरात धूर कोंडला, बोडिलचे डोळे भरून आले, आणि नेमकं तेव्हाच दार वाजलं. बाहेर घर शोधत आलेला आस्गर, हातात कोबीचा गड्डा.

"हा बाकाखाली लपला होता," तो म्हणाला. मग धूर बघून आवाज उतरवून म्हणाला, "बटाटे नुसते उकडून ठेव ना. कोण रागावणार आहे?"

बोडिलने मागे वळून बघितलं. आईने डाव्या हाताने टेबलावर चौथी थाळी मांडली.

बदक झालं, एकच भाजी झाली. शेवटी तांदळाच्या थंड खिरीचं पातेलं. त्यात सोललेला एकच अख्खा बदाम. ज्याला सापडेल त्याने तो गालात लपवायचा आणि पातेलं रिकामं होईपर्यंत बोलायचं नाही. बक्षीस म्हणून मार्झिपानचं, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याचं डुक्कर.

वाढायला बोडिल उठली, तशी आईही मागोमाग आत आली.

"बदाम कुणाला जातो, ते मीच ठरवत आले," आई हळूच म्हणाली. "ज्याचं वर्ष वाईट गेलं त्याला. म्हणून तर उभी असते मी. यंदा त्या पोराला दे."

"आई, तू बस जाऊन."

आई बसली. बोडिलने वाट्या भरल्या. बदाम पळीत आला, तेव्हा तिने आस्गरची वाटी पुढे ओढली... आणि मग दुसरीच उचलली.

सगळे एकमेकांच्या गालांकडे बघत जेवत होते. आस्गर तिच्याकडे वाकला. "सुट्टी संपली की तू जाशील. बोटीवर येऊ का मी... पिशव्या धरायला?"

बोडिलच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शब्दच फुटेना.

"बोलत नाही बघा," म्हातारे वाल्देमार आजोबा म्हणाले. "बदाम हिच्याच गालात!"

"नाही हो आजोबा..."

तेव्हा आईने तोंडातून बदाम काढला आणि बशीच्या काठावर ठेवला. "मला कधी मिळालाच नव्हता," ती म्हणाली.

डुक्कर तिने आस्गरपुढे सरकवलं. "तुझ्याकडे राहू दे. पुढच्या नाताळला घेऊन ये."

"तोवर टिकणार नाही ते, त्युराबाई."

"मग तू नुसता ये."

जेवणानंतर सगळ्यांनी नाताळच्या झाडाभोवती फेर धरला. एरवी बोडिल आणि आजोबा दोघेच. दोघांचे हात झाडाभोवती कधी पुरलेच नव्हते. यंदा चौघांचा फेर जुळला. आस्गरने एका हातात त्युराची प्लास्टरबाहेर आलेली बोटं जपून धरली होती, दुसऱ्यात बोडिलचा हात — तो मात्र घट्ट.

"ये," बोडिल पुढे बघतच म्हणाली. "पण पिशव्या नसतील या वेळी."

"मग हातच धरावा लागेल."

पुढच्या वर्षी तो आला तो जावई म्हणूनच. त्यानंतर दर नाताळला वाढायचं काम त्याने घेतलं आणि त्युरा टेबलाशी बसून जेवली. १९९१ च्या फेब्रुवारीत ती वारली.