प्रिंटरला दिलेला ताईचा नंबर

खरं सांगते, यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. हे माझ्या मावसभावाच्या बाबतीत घडलं. मागच्या वर्षी, भर दुपारी, माणसांनी भरलेल्या ऑफिसात.

त्याला आम्ही वायऱ्या म्हणतो. लहानपणापासून वायरींत हात! ऑफिसचं नेटवर्क तोच सांभाळतो. त्याची मोठी बहीण, आमची ताई, तिथेच रिसेप्शनला होती.

ती आजारपणात गेली.

घरातून निघताना ताई कायम म्हणायची, "येते गं आई." हॉस्पिटलला निघाली तेव्हा मात्र म्हणाली, "जाते."

मावशीने ते मनाला लावून घेतलं. "मी टोकलं का नाही? येते म्हण, एवढंच सांगायचं होतं..." वर्षभर तेच दळण. धड जेवण नाही, धड झोप नाही. वायऱ्याचा जीव तुटायचा.

तर त्या दुपारी प्रिंटर रुसला होता. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला एक नंबर लागतो, घराच्या पत्त्यासारखा. प्रिंटरचा नंबर सारखा बदलायचा, मग तो कुणाला सापडायचाच नाही. त्याला कायमचा नंबर हवा होता.

"ताईच्या कॉम्प्युटरचा नंबर रिकामाच आहे ना?" साहेब म्हणाले. "तोच देऊन टाक."

ती गेल्यापासून वायऱ्याने तो कुणालाच दिला नव्हता. जिवावर आलं, पण दिला.

स्क्रीनवर आलं... हा नंबर वापरात आहे.

"छे, काहीतरीच!"

त्याने प्रिंटरची वायर उपटली. मग त्या नंबरला हाक मारली, म्हणजे तिथून कुठलं मशीन उत्तर देतंय का ते तपासलं.

उत्तर आलं.

परत हाक.

परत उत्तर...

ताईच्या टेबलावर काहीच नव्हतं. भिंतीतून आलेली एक वायर, टोक मोकळं. तिचा कॉम्प्युटर ऑफिसने कधीच घरी देऊन टाकला होता.

त्याने घरी फोन लावला. "आई, ताईचा कॉम्प्युटर चालू केलायस का?"

"मी कशाला करू? पलंगाखाली खोक्यात आहे. चिकटपट्टीसुद्धा निघालेली नाही. का रे?"

तेवढ्यात उत्तरं थांबली. एकदम.

नंबर मोकळा झाला होता.

त्याने प्रिंटर जोडला. धडाधड कागद यायला लागले. "शाब्बास रे!" साहेब ओरडले.

आणि फोनवर मावशी म्हणाली, "थांब हं, दार वाजतंय..."

वायऱ्या किंचाळला, "आई, उघडू नकोस! आई!"

कडी निघाल्याचा आवाज. मग मावशीचा... कितीतरी दिवसांनी हसरा.

"अगं बाई! आलीस?"

फोन कट.

तो धावत सुटला. घराचं दार सताड उघडं. मावशी एकटीच बसलेली. डोळे ओले, पण चेहरा फुललेला.

"आई, कोण आलं होतं?"

"आत्ताच गेली रे. आणि या वेळी नीट म्हणाली हो. येते म्हणाली."

मावशी आता पोटभर जेवते, निवांत झोपते. फक्त दाराला कडी लावू देत नाही.

झोप उडालीय ती वायऱ्याची. प्रिंटरला त्याने दुसरा नंबर दिला. ताईचा रिकामाच ठेवलाय. रोज ऑफिसात गेला की आधी त्या नंबरला हाक मारतो. अजून तरी उत्तर आलेलं नाही.

परवा मी म्हटलं, "सोड की आता. गेली बिचारी."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गेली कुठे गं... येते म्हणालीय ना ती."