आंबेओढ्याचं हिरवं कार्ड

रविवारी दुपारी नाथाजी सुभेदारांना फोन आला, तेव्हा ते साताऱ्यात आपल्या घरी पेन्शनच्या ॲपचा पासवर्ड बदलत बसले होते. ॲपनं विचारलं होतं, पासवर्ड विसरलात का? हो म्हटल्यावर त्यानं जुना पासवर्ड मागितला होता.

फोन शेजारच्या जिल्ह्यातल्या एका साहेबांचा होता.

"सुभेदार, पलूसकडच्या आंबेओढ्यात बासष्ट माणसं जुलाब-उलट्यांनी आडवी झालीत."

"पाणी खराब?"

"ॲपवर चांगलं आहे."

ॲपचं नाव 'आरोग्यसाद'. साथीच्या दिवसांत लोकांनी व्हॉट्सॲपवरच्या हौशी वैद्यांवर भरवसा ठेवू नये, सरकारी आणि खरी माहिती एका जागी मिळावी, यासाठी ते काढलेलं. गावाचं पाणी खराब असेल तर लाल कार्ड, चांगलं असेल तर हिरवं. आंबेओढ्याला दहा दिवस लाल कार्ड होतं. मंगळवारी दुपारी बारा चाळीसला ते हिरवं झालं. शुक्रवारी जत्रा होती. पाव्हण्यांसकट गाव पोटभर पाणी प्यालं.

"हिरवं केलं कुणी?"

"शिवांजली. तिथली कंत्राटी आरोग्यसेविका. लॉगिन तिचं, ओटीपी तिच्या फोनवर. सोमवारी पाचला तिला घरी बसवायचा आदेश निघतोय. त्याआधी बाहेरच्या जिल्ह्यातल्या माणसाची चौकशी लागते, म्हणून तुम्ही."

"आदेश आधी तयार आणि चौकशी नंतर?"

"वेळ वाचतो," साहेब म्हणाले.

नाथाजींनी लष्कराच्या सिग्नल शाखेत चोवीस वर्षं काढली होती आणि निवृत्तीनंतर ते अशा चौकशा करून देत. निरोप कुठून निघाला हे शोधायचं, एवढंच त्यांना नीट येत होतं. पासवर्डच्या जगात तेवढ्यावर भागत नव्हतं, हे वेगळं.

सोमवारी सकाळी ते आंबेओढ्यापासून पाच किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचले. एसटीच्या खिडकीची धूळ हाताला लागली होती. बाहेरच्या बेसिनवर त्यांनी हात धुतले. नळाला धो धो पाणी होतं आणि मागं निळ्या टाइल्स.

"आमची स्वतःची बोअर आहे. चोवीस तास पाणी," डॉक्टर वीरधवल म्हणाले. इस्त्रीचा शर्ट, बोलणंही इस्त्रीचंच. "त्या मुलीचं वाईट वाटतं हो. पण पुरावा स्पष्ट आहे."

त्यांनी टॅबवर हिरव्या कार्डासाठी मंगळवारी चढवलेला फोटो दाखवला. वाहता नळ, त्याखाली नमुन्याची बाटली, मागं निळसर भिंत.

"जुना फोटो चढवला असेल तर?"

"ॲप जुना फोटो घेतच नाही. तिथल्या तिथं काढावा लागतो. फसवणुकीला वावच नाही."

"आणि फोटो कुठं काढला, हे?"

"ते यादीतून निवडायचं. नकाशा पुढच्या टप्प्यात येणार आहे."

"तुम्ही मंगळवारी कुठं होता?"

"इथंच. नऊ ते पाच. बुधवारी आढावा बैठक होती, त्याची तयारी. चार माणसं साक्ष देतील. आंबेओढ्यात तर मी महिनाभर पाऊल ठेवलेलं नाही," डॉक्टर जरा अभिमानानंच म्हणाले.

"बैठक कशी झाली?"

"उत्तम. आमचं केंद्र शंभर टक्के हिरवं. आता साताऱ्याला बदली होईल. कुटुंब तिथंच असतं ना."

आंबेओढ्याच्या उपकेंद्रात शिवांजली सलाइनच्या रिकाम्या बाटल्या गोळा करत होती. दोन दिवसांत ती झोपली नसावी.

"लाल कार्ड कुणी टाकलं होतं?"

"मीच की. आन् हिरवंबी मीच केलं म्हणत्यात. मंगळवारी मी मळ्यातल्या वस्तीवर हुते, पोरांना डोस पाजायला."

"फोन?"

तिनं खिडकीकडं बोट केलं. गजाला कापडी पिशवी टांगलेली होती. नाथाजींनी आत बघितलं. तीन मोबाईल.

"रेंज तिथंच येती. बाहेर पडताना फोन पिशवीतच ठेवतो आमी, न्हाईतर ओटीपी यायचा न्हाई. वाजला की जवळ असंल त्यानं आकडा वाचायचा."

"कुणाला वाचून दाखवायचा?"

"मागंल त्याला."

नाथाजींनी डोळे मिटले. चोवीस वर्षांत त्यांनी सांकेतिक लिपी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. इथं ती धुण्यासारखी खिडकीत वाळत होती.

सरपंच नानासो दारातच उभे राहिले.

"जत्रा माजी, कुस्त्यांचं मैदान माजं, तवा हिरवं मीच केलं, असंच ना?"

"केलंत का?"

"माजी आई धोंडुबाई पलूसला सलाइनवर हाय. पाणी खोटं हाय हे मला ठावं असतं, तर तिला तांब्या भरून दिला असता व्हय? मोबाईलवर हिरवं बघितलं आन् मीच म्हणलं, पी आये बिनघोर."

नाथाजी तिथून निघाले. त्यांनी पाणी सोडणाऱ्या तात्याबाला गाठलं. म्हातारा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता.

"तात्याबा, मंगळवारी पाणी किती वाजता सोडलं?"

"सोडलंच न्हाई. मोटर जळली हुती. ऐतवारपासनं बेस्तरवारी सकाळपतूर गावात टिपूस न्हवता. बायकांनी माज्या सात पिढ्या काढल्या."

"वर कळवलं नाही?"

"म्हणले ॲपवर टाका. शिवांजलीनं लय हुडकलं. ॲपात मोटरचा रकानाच न्हाई."

नाथाजींनी ते वार वहीत टिपून घेतले. मग त्यांनी डॉक्टरांना फोन करून दुपारी तीनला उपकेंद्रात बोलावलं.

डॉक्टर, शिवांजली, नानासो आणि तात्याबा, चौघंही आले. पाचाला दोन तास उरले होते.

"फोटो मंगळवारी बारा चाळीसला, तिथल्या तिथं काढलेला आहे. हे डॉक्टरांनीच सांगितलं," नाथाजींनी सुरुवात केली. "फोटोत नळ वाहतोय. त्या दिवशी आंबेओढ्यात एकाही नळाला पाणी नव्हतं. म्हणजे फोटो या गावातला नाही."

डॉक्टर हसले. "मग शिवांजली दुसऱ्या गावात गेली असेल."

"तिचा फोन पिशवीत होता आणि ती वस्तीवर. आणि ती इथंच राहते, चार दिवस डोक्यावर हंडे वाहिलेत तिनं. या गावातलं शेंबडं पोरसुद्धा त्या दिवशी वाहत्या नळाचा फोटो लावणार नाही. नानासोंना गावाला फसवायचंच असतं, तर त्यांनी गुरुवारी पाणी आल्यावर फसवलं असतं. त्यांची जत्रा शुक्रवारी होती. घाई कुणाला होती? ज्याला बुधवारच्या बैठकीत सगळं हिरवं दाखवायचं होतं त्याला. आणि मोटर जळाल्याचं माहीत कुणाला नव्हतं? जो महिनाभर गावात फिरकला नाही त्याला."

"मी केंद्रातच होतो. साक्षीदार आहेत."

"तेच म्हणतोय मी. चोवीस तास नळ, मागं निळ्या टाइल्स. सकाळी हात धुतले मी तिथं. तुम्ही गावात नव्हता, हाच तुमच्यावरचा पुरावा आहे, डॉक्टर."

"आणि ओटीपी? तो तर इथं आला होता."

नाथाजी वळले. "तात्याबा, मंगळवारी दुपारी इथं आला होता का?"

"व्हय. पाण्यात टाकायची टीसीएल पावडर न्यायला."

"पिशवीतला फोन वाजला?"

"वाजला की. केंद्रातलं डाक्टरसायेब हुतं. म्हणलं, आत्ता सहा आकडं आल्यात ते वाच. वाचलं."

"मग हे सकाळी का नाही सांगितलंत?" नाथाजींनी विचारलं.

"तुमी पाण्याचं इचारलं. आकड्यांचं कुठं इचारलं?"

नानासोंनी मूठ आवळली आणि खिशात घातली.

"एकच गाव लाल राहिलं होतं," डॉक्टर अखेर म्हणाले. "एकच. वाटलं, दोन दिवसांत पावडर टाकतील, कुणाला कळणारही नाही."

"माज्या आईला कळलं," नानासो म्हणाले.

नाथाजींनी अहवाल भरायला ॲप उघडलं. 'दोषी कर्मचारी' या रकान्यापाशी गाडी अडली. तिथं लिहायची सोय नव्हती, यादीतून निवडायचं होतं. आशा, आरोग्यसेविका, शिपाई, वाहनचालक, पाणीपुरवठा कर्मचारी. वैद्यकीय अधिकारी यादीत नव्हता. 'इतर'सुद्धा नव्हतं.

शिवांजलीनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"यादीत आमीच हाय सगळी."

नाथाजींनी फोन बंद केला. जत्रेच्या हँडबिलाच्या कोऱ्या बाजूवर अहवाल लिहिला. डॉक्टरांनी मुकाट्यानं सही केली, तात्याबानं अंगठा दिला. नानासोंनी बुलेट काढली, नाथाजींना मागं बसवलं आणि सांगलीचा रस्ता धरला.

पाचाला दहा कमी असताना सांगलीच्या जिल्हा कार्यालयातल्या आवक विभागाचा कारकून म्हणाला, "अहवाल ॲपवर भरा."

"शिक्का मारा," नाथाजी म्हणाले आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीत बसले. "मला पेन्शन आहे. मी उद्याही इथंच बसू शकतो."

पाचाला दोन कमी असताना शिक्का उमटला. नाथाजींनी शिवांजलीला फोन लावला.

"आदेश थांबला. नोकरी राहिली तुझी."

"बरं झालं." तिला धाप लागली होती. "आवं, पर ते कार्ड अजून हिरवंच हाय. लाल करायला डाक्टरांची मंजुरी लागती आन् त्येंनी फोन बंद ठेवलाय. दारोदार सांगत फिरतीया, पाणी उकळून प्या म्हणून. लोकं म्हणत्यात, मोबाईलवर तर चांगलं हाय."

"किती घरं झाली?"

"चाळीस. दीडशे राहिल्यात. ठेवते मी."