ड्रायसूटचे तीन दिवस

"ओ मॅडम, वायच माझी पाठ बंद कराल काय?"

वेदिकानं वळून पाहिलं. हॉटेलच्या स्विमिंग पूलच्या कडेला एक उंच, सावळा तरुण जाड काळ्या पोशाखात कोंबल्यासारखा उभा होता. दोन्ही हात मागे नेऊन तो पाठीवरची चेन शोधत होता आणि ती काही त्याच्या हाती लागत नव्हती. कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या... नोव्हेंबर उजाडला होता, पण रत्नागिरीतलं ऊन अजून ऑक्टोबरचंच होतं.

"मी मॅडम नाही," ती हसू दाबत म्हणाली. "मीपण शिकायलाच आलेय. आणि ही चेन एकट्याला लागतच नाही, दुसरं माणूस लागतं."

"मग बरंच झालं की—" तो पाठ वळवत म्हणाला, "माणूस चांगलं मिळालं."

तिनं चेन एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत ओढली. जरा जोरातच.

त्याचं नाव गुरुप्रसाद. मूळचा जयगडचा, बोटींच्या तळाला चिकटलेले शिंपले खरवडायला पाण्यात उतरायचा. गढूळ, तेलकट पाण्यानं त्याच्या हातापायांवर चट्टे उठायचे. पुण्याच्या एका कंपनीनं तीन दिवस ड्रायसूट वापरून बघायला ठेवलेत, असं त्याला कळलं. अंगाला पाण्याचा थेंबही लागू न देणारा पोशाख! तो लगेच नाव घालून आला होता.

वेदिकाचं कारण वेगळं होतं. ती लांज्याकडच्या गावची. वडील मुंबईत नोकरीला, आई भातशेती सांभाळणारी. घरात समुद्रात उतरलेली ती पहिलीच. गेली तीन वर्षं आरे-वारेजवळच्या एका स्कूबा सेंटरवर ती पर्यटकांना हाताला धरून पाण्याखाली नेत होती. पण ह्या शिबिरातून एकाची निवड लडाखला होणार होती... तिथल्या गोठणाऱ्या तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या तुकडीत. त्या पाण्यात ड्रायसूटशिवाय उतरताच येत नाही. महिनाभर वेदिका झोपेतही ती तळी बघत होती.

शिकवणाऱ्या आणि ती निवड करणाऱ्या सुनेत्रा मॅडम कडक होत्या. मनगटाच्या रबराला आतून पावडर लावा, म्हणाल्या. गुरुप्रसादनं अर्धा डबा ओतला.

"लग्नाला चाललाय काय?" वेदिकानं विचारलं.

"अजून कोणी विचारलं नाही," तो शिंकत म्हणाला. "तुम्ही ओळखीत सांगून ठेवा."

मग मॅडमनी सगळ्यांना उकिडवं बसायला लावलं. गळ्याचं रबर बोटानं जरा ओढायचं, म्हणजे पोशाखात अडकलेली हवा निघून जाते. सात जणांच्या गळ्यांतून एकदम ते फुसफुस आवाज आले आणि वेदिकाला हसू आवरेना. गुरुप्रसाद तिच्याकडेच बघत होता. त्याचं हसणं थांबलं होतं... नजर तेवढी हटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी दोघांची जोडी लावली.

त्या पोशाखात हवा जिकडे जाईल तिकडे माणूस जातं. तळाशी वळताना वेदिकाचं डोकं खाली झालं आणि सगळी हवा सर्रकन पायांत गेली. पाय फुग्यासारखे वर! ती उलटी लटकली. हातपाय झाडताना तोंडातली नळी निसटली, नाकातोंडात पाणी गेलं, छातीत धडधड सुरू झाली. तेवढ्यात दोन हात तिच्या कमरेला भिडले. गुरुप्रसादनं तिला सरळ केलं, नळी तोंडात दिली आणि तिचा श्वास पुन्हा नीट चालेपर्यंत तिचा हात घट्ट धरून ठेवला. मॅडम दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांना काही दिसलं नाही.

वर आल्यावर ती पूलची कडा धरून बसली. रोज संध्याकाळी एक फॉर्म भरायचा असे. त्यात रकाना होता— पाण्याखाली काही अडचण आली का?

"सांगायला हवं मॅडमना," ती म्हणाली.

"कशाला? मी होतो ना."

"पण लिहायला सांगितलंय..."

"अगो, एवढ्याशा गोष्टीनं तुझं लडाख जाईल. लिही ‘नाही’ म्हणून. मी कोणाला सांगतोय काय?"

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तिला कळलंच नाही. पण ते ऐकून तिच्या अंगावर शहारा आला, आणि तिनं ‘नाही’ लिहिलं.

तिसऱ्या दिवशी समुद्रात मात्र तिला एकदाही अडखळायला झालं नाही. बोटीवर मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तिच्यापेक्षा जास्त खूश गुरुप्रसाद दिसत होता.

शिबिर संपलं, भेटी संपल्या नाहीत. तो सुट्टीच्या दिवशी जयगडहून मोटारसायकलवर यायचा. कधी डब्यात आईनं तळलेली सुरमई, कधी नुसताच. आरे-वारेच्या उतारावर गाडी लावून दोघं बसायची. लाट मागे सरकली, की ओल्या वाळूत तो बोटानं तिचं नाव लिहायचा, आणि पुढच्या लाटेआधी ती घाईनं पायानं पुसायची... कोणी बघेल म्हणून.

"लडाखला गेलीस तर किती महिने?" तो विचारायचा.

"सहा. आवडलं काम तर पुढेही."

"आवडेल तुला," तो म्हणायचा आणि समुद्राकडे बघत बसायचा.

तिनं मनाशी ठरवलं होतं. जायच्या आदल्या दिवशी आपणच त्याला सांगायचं— थांबशील का माझ्यासाठी? तो हो म्हणणार, ह्याची तिला खात्री होती.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेल आली. निवड दुसऱ्या कोणाची तरी झाली होती. वेदिकानं ती तीनदा वाचली आणि मॅडमना फोन लावला.

"तू पहिल्या नंबरावर होतीस," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या जोडीदाराचा फोन आला होता मला. पूलमध्ये तू उलटी झालीस, घाबरलीस... फार काळजीनं बोलत होता गं. वेदिका, घाबरण्याला माझी हरकत नव्हती. सगळेच घाबरतात. पण तू लपवलंस. बर्फाखाली मी अशा माणसाला कशी पाठवू?"

वेदिकानं फोन ठेवला.

संध्याकाळी तिनं त्याला मांडवीच्या जेट्टीवर बोलावलं. तो हसत आला, पण तिचा चेहरा बघून जागच्या जागी थांबला.

"तू सांगितलंस?"

त्यानं नाकारलं नाही. तेवढं तरी त्यानं केलं.

"वेदिका, तिथं थंडीत, बर्फाखाली... काही झालं असतं तर? मी नसतो तिथं."

"काळजी होती, तर मला का नाही बोललास?"

"तू ऐकलं असतंस काय?"

"नसतं. म्हणून माझ्या पाठीमागे फोन केलास?"

"खरं सांगू? भीती बर्फाची नव्हती वाटत. तू गेलीस, की परत येणार नाहीस असं वाटायचं. मोठी माणसं, मोठं काम... जयगडचा बोटी खरवडणारा कोणाच्या लक्षात राहतो? मला तू इथं हवी होतीस. माझं प्रेम आहे गो तुझ्यावर."

हेच शब्द ऐकण्यासाठी महिनाभर तिचा जीव आसुसला होता. आता ते आले, आणि तिला ते नीट ऐकूही येईनात.

"मी परत येणार होते," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच येणार होते. तुला विचारणार होते, थांबशील का म्हणून."

त्याचे डोळे भरले. तो एक पाऊल पुढे आला. "मग आता? आता तर तू इथंच आहेस..."

"तू तेव्हा म्हणालास, लिही ‘नाही’. मी लिहिलं, कारण सांगणारा तू होतास. ती चूक माझी, मी ती भोगीन. पण गुरू, तुझ्यासोबत राहिले तर रोज मला वाटत राहील, की हा मला कुठे कुठे अडवतोय... आणि तू अजूनही मला आवडतोस. ह्याचाच जास्त राग येतोय."

ती वळली. तो हाका मारत राहिला. मागे मात्र आला नाही.

त्यानंतर पंधरा दिवस तो सेंटरच्या दाराशी येऊन उभा राहायचा. ती पर्यटकांना घेऊन बोटीवर जायची, परत यायची, आणि तो तिथंच असायचा, हातात हेल्मेट धरून. एकदा त्यानं सुनेत्रा मॅडमना पुन्हा फोन केला. दोष माझा आहे, तिला घ्या, म्हणाला. पण तुकडी ठरली होती. हे त्यानं तिला दुरूनच सांगितलं. तिनं मान हलवली, बस्स. आणखी थोडे दिवस तो असाच येत राहिला तर आपण त्याला माफ करू, हे तिला कळून चुकलं होतं. माफ करू, लग्न करू, आणि जन्मभर ह्या एका फोनवरून मनातल्या मनात भांडत राहू.

म्हणून तिनं मालवणच्या एका सेंटरवर काम धरलं.

सकाळच्या एसटीत ती खिडकीशी बसली. पावस गावाच्या पुढे फोन वाजू लागला. गुरुप्रसादच होता. तिनं तो उचलला नाही, बंदही केला नाही. मांडीवर धरून वाजू दिला, थांबेपर्यंत.

शेजारच्या बाईंनी तिच्या मोठ्या बॅगेकडे आणि ओल्या गालांकडे पाहिलं.

"सासरी चाललीस काय गो?"

"नाही," वेदिका म्हणाली. "कामाला."

बाईंनी पदरातली दोन केळी काढून एक तिच्या हातावर ठेवलं, आणि राजापूर येईपर्यंत वेदिका ते केळं तसंच हातात धरून रडत राहिली.