काकांनी कॅमेरा मागे घेतला

हे खोटं ठरलं तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल. पण ते माझ्याच बाबतीत घडलंय. मी भुतंबितं मानणारी नाही, सर्जरी शिकणारी डॉक्टर आहे.

परीक्षेच्या आधीची ती संध्याकाळ. सलग ड्यूटी करून अंगाचा नुसता चोथा झाला होता. तरी सरावाच्या खोलीत गेले.

दुर्बिणीतून ऑपरेशन करायची परवानगी हवी, तर तिथल्या यंत्रावर पास व्हावं लागतं. प्लास्टिकच्या पेटीत रबराचं पोट, स्टँडवर कॅमेरा, समोर स्क्रीन. हात किती थरथरतो, वेळ किती लागतो, सगळं यंत्र मोजतं. मी आधी नापास झाले होते. ही शेवटची संधी होती.

मी टाका घालत होते...

स्क्रीनवरचं चित्र हळूच लांब गेलं.

स्क्रू ढिला असेल म्हणून आवळला. पुन्हा सुई धरली...

चित्र पुन्हा मागे.

मग कॅमेऱ्याची काच धुरकट झाली. खऱ्या पोटात ऊब असते, तिथे धुरकटते. या पेटीत ऊब कुठली? मी कॅमेऱ्याच्या दांड्याला हात लावला...

कोमट होता. कोणीतरी बराच वेळ मुठीत धरल्यासारखा.

मला काका आठवले. ऑपरेशन थिएटरात कॅमेरा धरणारे आमचे काका. सर्जनचा हात दमला की ते कॅमेरा मागे घ्यायचे. दिसेनासं झालं की हात थांबवायचा, हा तिथला नियम. मोठमोठ्या सरांनाही सुनवायचे, "डॉक्टर, पेंगताय. आधी पाणी प्या, मग कापा."

गेल्या वर्षी ड्यूटी संपवून काका बाकावर टेकले, ते उठलेच नाहीत.

"जाते हो काका झोपायला," मी म्हटलं. भीतीपेक्षा रडूच जास्त आलं.

परीक्षेला रजा काढून, पोटभर झोपून गेले. हात छान चालत होता. शेवटचा टाका...

चित्र मागे गेलं.

घड्याळ पळत होतं. तरी माझे हात थांबले. वेळ संपली.

नापास.

"अगं, थांबलीस का?" परीक्षक म्हणून बसलेले आमचे सर वैतागले.

"कॅमेरा मागे गेला, सर."

"जागचा हललेला नाही! मी इथेच आहे ना."

मग ते उठले. दार लोटून आले.

"काका?"

मी मान डोलावली.

"झोप झाली नव्हती का तुझी?"

"झाली होती सर. पूर्ण."

सरांचा चेहरा उतरला. "काका उगाच कधी मागे घेत नसत," एवढंच म्हणाले. आणि माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिले.

आता मी ऑपरेशनं सोडून वॉर्डात काम करते. हाताच्या सगळ्या तपासण्या करून झाल्या. काहीच निघालं नाही.

तरी पाण्याचा ग्लास मी दोन्ही हातांनीच धरते.

परवा आई म्हणाली, "एका हाताने धर की गं. कुक्कुलं बाळ आहेस का?"

मी डावा हात काढायला गेले...

आणि ग्लास तसाच खाली ठेवला. पाणी प्यायचं राहूनच गेलं.