आक्काची अंगठी पांढरी कशी झाली?

"चला गुजरीत! त्या त्र्यंबक सोनाराला आज सोडत न्हाय!" आक्का कडाडली. तिची सोन्याची अंगठी चक्क पांढरी पडली होती!

ऋता आणि उन्मेष ही भावंडं सुट्टीसाठी जयसिंगपूरहून कोल्हापूरला आजीकडे आली होती. आजीला सगळे आक्काच म्हणत.

"थांब की, आक्का! सकाळी तर पिवळी होती. तू केलंस काय?" ऋताने विचारलं.

"मधल्या खोलीत केर काढला. खाटेखाली चांदीचे मणी दिसले. उचलायला गेले, तर पळालेच की!"

"पळाले?" दोघं खोलीकडे धावली. ऋताने पडदे ओढले. उन्मेषने टॉर्च फरशीला टेकवून लावला. भरदुपारी फरशीवर शेकडो चांदण्या लखलखत होत्या!

"पारा!" ऋता कुजबुजली. "धातू असून पाण्यासारखा वाहतो. सोन्याला लागला की सोनं पांढरं! हात लावू नकोस, त्याची वाफ विषारी असते."

आणि खाटेपाशीच धैर्यशीलकाकांची एक वर्षाची मुलगी स्नेहल रांगत होती! उन्मेषने तिला पटकन उचलून बाहेर नेलं, तिचे हातपाय धुतले. ऋताने खिडक्या सताड उघडल्या.

पण पारा आला कुठून? आजोबांचं रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं जुनं यंत्र कपाटात नव्हतं.

"मला काय माहीत?" धैर्यशीलकाका म्हणाले.

उन्मेष हळूच म्हणाला, "नळी फुटली तेव्हा तुमच्या चपलेला पारा लागला असेल, नाही?"

"छे! मी अनवाणी होतो!" काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. यंत्र त्यांच्याच हातून फुटलं होतं!

"केरसुणी नको, काका! पसरेल!" ऋता दारातून बजावत होती. हातमोजे घालून काका दोन पुठ्ठ्यांनी थेंब ढकलू लागले. थेंब थेंबाला भिडला की गडप! दहाचे पाच झाले, पाचाचा एक. सगळा पारा प्लास्टिकच्या बाटलीत गेला. एवढीशी बाटली, पण केवढी जड! काकांनी आत लोखंडी स्क्रू टाकला. तो चक्क तरंगला!

"लोखंड तरंगतंय व्हय!" आक्का डोळे विस्फारून बघत राहिली.

झाकण घट्ट लावून बाटली ओळखीच्या डॉक्टरांकडे दिली. त्यांनी स्नेहलला तपासलं. ती ठणठणीत होती.

संध्याकाळी गुजरीत, सोनारांच्या गल्लीत, त्र्यंबकशेठपुढे आक्काने हात जोडले. "शेठ, मी तुम्हाला चोर ठरवणार होते."

अंगठी निरखत त्र्यंबकशेठ म्हणाले, "ही घरी तापवू नका हं, आक्का, विषारी वाफ निघेल. पारा ओळखला कुणी?"

आक्काने दोघांना पुढे ओढलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नातवंडं हायत माझी!"