पाहुण्याचा निरोप

पोलिसांची भाषाच न्यारी असते बघा. या ठाण्यात लॉकअपला सासर म्हणायचे आणि बेवारस प्रेताला पाहुणा. पाहुण्याचा एक नियमही होता. घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. पाहुण्यापाशी मात्र उलटं. तिथून निघताना ‘जाते’ म्हणायचं, नाहीतर गुमान तोंड मिटून निघायचं.

त्या दुपारी कालव्यात सापडलेला एक पाहुणा शवागारात पोचवायचा होता. हवालदारबाईंचं कामात लक्ष नव्हतं. नऊ वर्षांची लेक तापानं फणफणलेली, नवरा परगावी, पोर घरात एकटी. जीव नुसता टांगणीला लागला होता. तिथं पोचल्यावर त्यांनी कागदावर सही केली, पाहुण्याच्या अंगावरची चादर सारखी केली आणि सवयीनं म्हणाल्या, “येते हं.”

दारातल्या ड्रायव्हरकाकांचा चेहरा पडला. “बाई... काय बोललात?”

“अहो, गेलं तोंडून! आता तो काय चहा टाकून वाट बघत बसणारेय?”

काका एरवी थट्टेला सगळ्यांच्या पुढे. आज हसले नाहीत. “मागं फिरा. ‘जाते’ म्हणून या. त्याला आशेवर ठेवू नका.”

“काहीतरीच तुमचं! चला, उशीर होतोय.”

जीप दोन वळणं गेली असेल नसेल, गाडीत वास येऊ लागला. शेवाळलेल्या पाण्याचा, कुबट. काचा उघड्या होत्या, बाहेर रखरखीत ऊन होतं, तरी वास हटेना. काका समोर बघत गाडी हाकत होते. मागच्या सीटकडे वळून बघायचा बाईंना धीर होईना. लेक डोळ्यांसमोर आली.

“वळवा, काका.”

शवागारात कुणी नव्हतं. ट्यूबलाइट गुणगुणत होती. मघाशी सारखी केलेली चादर छातीपर्यंत सरकली होती आणि ट्रॉलीखाली पाणी ठिबकत होतं. टप्... टप्...

“जाते,” त्या पुटपुटल्या. मग मोठ्यानं, “जाते हो मी. आता नाही यायची.”

ठिबकणं थांबलं. बाईंना इतकं हायसं वाटलं की बाहेर येताच त्यांनी घरी फोन लावला.

“बाळा, निघालेच गं. ताप कसा आहे?”

“उतरला, आई. काकांनी कपाळावर हात ठेवला ना. एकदम गार, ओला हात.”

“कोण काका? दार का उघडलंस?”

“मी नाही उघडलं. कडी लावलेलीच आहे.” पोरीचा आवाज बारीक झाला. “आई... तू ‘जाते’ म्हणालीस का गं?”

फोन कानाशी धरूनच बाई जीपकडे धावल्या.

“ते म्हणतात, आई जाणारच असेल तर मी राहतो.”