मखराखालची कोरडी जागा

छतात बावीस स्प्रिंकलर (आगीची धग लागताच पाणी फवारणारी तोंडं) होते. तरी यल्लूबाई वाचल्या नाहीत. का?

सन २०६१. सोलापुरातल्या त्या टॉवेल कारखान्याला आग लागून चार दिवस झाले होते, आणि गावानं उत्तर परस्पर काढलं होतं. कारखान्याची देखभाल करणाऱ्या व्यंकटेश कोंडानं पाण्याची मुख्य झडप बंद ठेवली! उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

व्यंकटेशची मुलगी भार्गवी बारा वर्षांची. तिचे नाना चार दिवस धड जेवले नव्हते. "झडप उघडीच होती गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत. नाना खोटं बोलतायत का, हे तिला कळायलाच हवं होतं. म्हणून तपासासाठी परख नावाचा यंत्रमानव आला, तेव्हा ती त्याच्याबरोबर जळक्या शेडमध्ये गेली.

"रडू येत असेल तर थांबू," परख म्हणाला.

"नंतर रडीन. आधी बघू."

जुन्या मागावर पत्र्याचं मखर अजून लटकत होतं. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. यंदा हौसेनं पलंगाएवढं रुंद छप्पर केलं होतं, तेही छताच्या हातभरच खाली. दसरा झाला तरी उतरवलं नाही. कोजागिरीपर्यंत मखराला हात लावायचा नाही, असा तिथला रिवाज. खालची जागा रिकामी दिसली म्हणून टॉवेलचे गठ्ठे तिथंच रचले. गठ्ठे पेटले आणि त्यांच्या मागे घड्या घालणाऱ्या यल्लूबाईंची वाट बंद झाली. डब्यातली शेंगाचटणी भार्गवीला हमखास देणाऱ्या यल्लूबाई.

परखनं हात लांबवून मखरावरच्या स्प्रिंकलरशी बॅटरीचा दिवा धरला. "स्प्रिंकलरचं पाणी छत्रीसारखं पसरत खाली येतं. जिथं उजेड, तिथं पाणी समज."

सगळीकडे उजेड होता. मखराखाली मात्र काळी सावली.

"इथं पाणी पोचलंच नाही!" भार्गवी म्हणाली. "पण स्प्रिंकलरखालून तो बारीक नळ गेलाय, त्याची सावली का नाही पडली?"

"बारीक वस्तूच्या दोन्ही बाजूंनी उजेड निघून जातो, तसंच पाणीही. वस्तू रुंद असेल आणि स्प्रिंकलरच्या तोंडाशी असेल, तर खाली मोठी जागा कोरडी राहते."

"मग करायचं काय?"

"वस्तू स्प्रिंकलरपासून पुरेशी लांब ठेवायची. ती फारच रुंद असेल, तर तिच्या खाली आणखी एक स्प्रिंकलर बसवायचा."

मग परखनं पत्र्याचा वरचा भाग दाखवला. तिथली काजळी धुऊन गेली होती आणि कोपऱ्यात अजून पाणी साचलेलं होतं.

"पाणी आलं होतं," भार्गवी पुटपुटली. "नाना खरं बोलत होते!"

"हो. मखर कोणी टांगलं?"

तिनं तारेची गाठ पाहिली. ती तिच्या ओळखीची होती.

"नानांनी," ती म्हणाली. "शिडी मी धरली होती."

परखनं दिवा खाली घेतला. "श्रावणात इथली तपासणी मीच केली होती. सगळं ठीक होतं, कारण तेव्हा मखर नव्हतं. नवं काही टांगलं की पुन्हा तपासा, हे मी कोणाला सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं."

पाणी आलं होतं आणि मखरानं ते अडवलं, या दोन्ही गोष्टी तिनं घरी येऊन नानांना सांगितल्या. एकच सांगावी असं फार वाटलं होतं तिला.

"म्हणजे पाणी मीच अडवलं," नाना म्हणाले.

"माहीत नव्हतं आपल्याला, नाना. आता माहीत आहे." आणि मग ती रडली. तिच्या डोक्यावर हात ठेवून नानाही रडले.

पुढच्या खंडेनवमीला त्याच जागी बांधलेल्या नव्या शेडमध्ये सगळे जमले. मखर नव्हतं, नुसती झेंडूची माळ होती. तरी नाना शिडीवर चढले आणि एकेका स्प्रिंकलरशी बॅटरीचा दिवा धरू लागले. भार्गवी खालून सावल्या शोधत होती. एक कापडी फलक आडवा आला, तो तिनं उतरवायला लावला.

शेवटी उजेड यल्लूबाईंच्या जागेवर पडला. तिथं आता त्यांची सून घड्या घालायला बसते.

"आहे का सावली?" नानांनी वरून विचारलं.

"नाही, नाना."

मगच त्यांनी खाली उतरून नारळ फोडला.